हिरवा दिवा बंद

बुलढाणा
११ डिसेंबर २०२३

आदरणीय पुष्पादादी,

सलाम.

मी शाहीन. धामणगाव बढ्याच्या गुलनारदादीची नात, शाकिरची मुलगी. तुम्ही मला पाहिलं तेव्हा मी चौथीत होते आणि तुम्ही मला सतराचा पाढा विचारला होता. मी मध्येच अडकले, हे दादी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

आधी फोन केला होता, तुम्ही उचलला नाही. दादी म्हणाली, "पुष्पाले फोन नको करू, चिठ्ठी लिव. चिठ्ठीचा जवाब देते ते, फोनचा नाई देत." म्हणून हे पत्र.

मी बुलढाण्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. तुम्ही आणि दादी कॉलेजात असताना खामगावला हॉस्टेलच्या एका खोलीत राहत होतात, तुमचा विषय भौतिकशास्त्र होता आणि तुम्ही कुणाचं तोंड बघून उत्तर बदलत नाही, असं दादी सांगते. मला तसंच उत्तर पाहिजे.

आमच्या कॉलेजची गेमिंगची टीम आहे. चार मुलं आणि मी. कॉम्प्युटरवर बंदुकीचा खेळ, पाच विरुद्ध पाच. मोठ्या इमारतीत एकमेकांना शोधायचं. समोरचा दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू येतात, आणि ती कुठून आली हे ज्याला आधी कळेल तो वाचतो. फेब्रुवारीत नागपूरला कॉलेजांची स्पर्धा आहे.

आमचा कॅप्टन प्रेम. त्याने एका दुकानदाराकडून पाच हेडफोन आणले. वापरायला फुकट, बदल्यात टी-शर्टवर दुकानाचं नाव आणि दुकानाच्या बोर्डावर आमचा फोटो. त्या हेडफोनला एक बटण आहे. दाबलं की 'सराउंड' चालू होतो आणि कानापाशी हिरवा दिवा लागतो. आत स्पीकर दोनच असतात, पण सॉफ्टवेअर असं भासवतं की आपल्या भोवती सात स्पीकर मांडलेत, पुढे, मागे, बाजूला. बटण बंद केलं की साधा स्टिरिओ. डावा आणि उजवा. दिवाही बंद.

मी स्टिरिओवर खेळते. आवाज आला की मी आधी माउसने खेळातली मान थोडी वळवते, मग जाते. प्रेम म्हणतो, "तू वळते काऊन? इतक्यात समोरचा गोळी घालते. सराउंड लाव, वळा लागत नाही." बाकीचे मला 'डगमग' म्हणतात. एकजण म्हणाला स्कार्फमुळे ऐकू येत नसेल, काढून बघ. त्याला मी जे म्हटलं ते तुम्हाला लिहीत नाही.

आता प्रेम म्हणतो, नागपूरला पाचही जणांचे हिरवे दिवे लागले पाहिजेत. नाहीतर मी बाहेर बसायचं. दादी, मला बाहेर बसायचं नाही. सराउंड बरोबर की स्टिरिओ, ते सांगा.

तुमची,
शाहीन


संग्रामपूर
१६ डिसेंबर २०२३

चि. शाहीन,

पत्र मिळालं. अक्षर बरं आहे. सतराचा पाढा आता येत असेल असं धरून चालते.

बंदुकीच्या खेळाबद्दल माझं मत तू विचारलेलं नाहीस, म्हणून देत नाही.

तुझा प्रश्न चुकीचा आहे. 'सराउंड बरोबर की स्टिरिओ' याला उत्तर नसतं. कुणाच्या कानाला, कोणत्या आवाजासाठी, हे आधी विचारावं लागतं. आमच्याकडे बीटी कपाशी आली तेव्हा पाकिटावर मेलेल्या अळीचं चित्र होतं. माहिती द्यायला आलेल्या माणसाला मी सभेत उठून विचारलं, "कोणती अळी?" लोक हसले. अळी म्हणजे अळी, असं त्यांना वाटलं. पहिली काही वर्षं कपाशी खरंच चांगली आली, ते मी नाकारत नाही. मग गुलाबी अळी आली. ती बोंडाच्या आत बसते आणि तिला या बीटीचं काही वाटेनासं झालं होतं. चित्रातली अळी वेगळी होती. यंदाही दुसऱ्या वेचणीनंतर निम्मी बोंडं किडकी निघाली आणि जो कापूस आला त्याला भाव नाही. माझी पुढची खोली कापसाने भरलेली आहे, गावातल्या निम्म्या घरांसारखी. हे रडगाणं नाही. पाकिटावरचं चित्र आणि आतली वस्तू वेगळी असू शकते, एवढंच सांगायचं आहे. हिरवा दिवा हे पाकिटावरचं चित्र आहे.

आता कानाचं. डावी-उजवी बाजू आपल्याला दोन कानांतल्या फरकावरून कळते. पुढचं आणि मागचं कळायला कानाच्या पाळीच्या घड्या उपयोगी पडतात, आणि त्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी कुठल्यातरी एका नमुन्याच्या कानाचं माप घेतलेलं असणार. म्हणजे ते रेडीमेड ब्लाउज झालं. एखादीला अगदी बेताचं बसेल, दुसरीला खांद्यावर झोळ येईल. ज्याला बसतं त्याने खुशाल घालावं.

तुला बसतं का, ते वाद घालून कळणार नाही. डोळे बांध. दुसऱ्या कुणाला तरी खेळातला पावलांचा आवाज पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून वाजवू दे. कधी सराउंडवर, कधी स्टिरिओवर, आणि आत्ता काय चालू आहे ते तुला सांगायचं नाही. तू फक्त बाजू सांगायची. मान हलवायची नाही, माउसला हात लावायचा नाही. हीच परीक्षा प्रेमलाही दे. स्कार्फ घालून आणि न घालता ऐकून बघायचं असेल तर ते हॉस्टेलमध्ये मैत्रिणींसमोर कर. मुलांनी सांगितलं म्हणून करू नकोस.

निकाल जसा येईल तसा लिही.

पुष्पांजली उमाळे

ता.क. वळणं ही डगमग नाही. कारण नंतर सांगेन.


बुलढाणा
२४ डिसेंबर २०२३

आदरणीय पुष्पादादी,

परीक्षा झाली. आधी स्कार्फचं सांगते. हॉस्टेलमध्ये मैत्रिणीने दोन्ही प्रकारे घेतली, काही फरक पडला नाही. ते मी टीममध्ये कुणाला सांगितलं नाही. त्यांचा काय संबंध.

खरी परीक्षा गेमिंग कॅफेत घेतली, सगळ्यांसमोर. सराउंडवर मी मागचा आवाज पुढचा सांगितला, पुढचा मागचा. स्टिरिओवर माझं एकही चुकलं नाही. टीममधले दोघे आपणहून बसले. एकाचं सराउंडवर छान जमलं, तुम्ही म्हणालात तसं त्याला ब्लाउज बसलं. दुसरा दोन्हीकडे गोंधळला आणि म्हणाला भूक लागली होती.

प्रेम बसला नाही. म्हणाला, "मले परीक्षा द्याची गरज नाही. मी खेयतो नं, तेच परीक्षा व्हय."

मी म्हटलं, "घाबरतो का बे?"

"कॅप्टनले बे म्हणते का?"

"मंग काय म्हणू, हिरवा दिवा?"

सगळे हसले. तो नाही हसला. त्यानंतर दोन दिवस माझ्या जागी दुसऱ्याला खेळवलं.

दादी, सराउंड लावला की कसं वाटतं सांगू? आमच्या धामणगावला जिनिंगचं रिकामं शेड आहे. लहानपणी आम्ही तिथे जाऊन हाका मारायचो. हाक मोठी व्हायची, भारी वाटायचं, पण कोण कुठून ओरडलं ते कळायचं नाही. तसंच. मुलांना ते भारी वाटणंच आवडतं. मला प्रत्येक पाऊल त्या शेडमधून आल्यासारखं येतं.

आता तुम्हीच सांगा, स्टिरिओ बरोबर ना? तसं लिहून द्या, मी प्रेमला दाखवते.

तुमची,
शाहीन


संग्रामपूर
२९ डिसेंबर २०२३

शाहीन,

तू खोटं लिहिलं आहेस.

सराउंडवर चुकलीस ते खरं असेल. रिकाम्या शेडचं लिहिलंस तेही खरं आहे, कारण भोवती खोली आहे असा भास करायला ते लोक आवाजात थोडा घुमारा मिसळतात. पण स्टिरिओवर एकही चुकलं नाही, हे शक्य नाही. साध्या स्टिरिओत अगदी समोरचा आणि अगदी मागचा आवाज दोन्ही कानांत सारखाच येतो. तो ओळखायला तुझ्यापाशी काहीच नसतं, तू कितीही हुशार अस. निम्मे तरी चुकायलाच हवे होते.

एकच मार्ग आहे. तू माउस हलवलास. गुपचूप, बोटभर. डोळे बांधलेले असतानाही हलवता येतो. खेळातली मान वळली, आवाज एका कानाकडे सरकला आणि तुला कळलं.

मी काहीही लिहून देणार नाही. माझ्या सहीने तुझं काम होऊ नये, आणि खोट्या निकालावर तर नाहीच. प्रेम परीक्षेला बसला नाही, तू बसून लबाडी केलीस. दोघांत मला फार फरक दिसत नाही.

संक्रांतीला इकडे ये. लॅपटॉप आण. कापसाच्या खोलीत वीज लावत नाही, वायर जुनी आहे, तेव्हा घरून चार्ज करून आण. खोलीत गेल्यावर अंगाला खाज सुटेल, जुने कपडे घाल.

पुष्पांजली उमाळे


धामणगाव बढे
१७ जानेवारी २०२४

आदरणीय पुष्पादादी,

काल घरी पोचले. खाज अजून जात नाही. तीळगूळ दादीला दिला. म्हणाली, "हॉस्टेलात होता तितकाच कडक करते अजून."

तुमच्या घरून निघताना मी काही बोलले नाही, ते आता लिहिते.

माउसचं तुम्ही बरोबर ओळखलं. हलवला होता. मला वाटलं, वळून कळणं म्हणजे न कळणंच, म्हणून लपवलं. लाज वाटली.

पण त्या कापसाच्या खोलीत मला जे कळलं ते मी विसरणार नाही. चारी बाजूंनी छातीपर्यंत कापूस, मध्ये एक पाट, त्यावर मी, डोळ्याला ओढणी. आत गेल्याबरोबर आपलाच आवाज तोंडापाशी संपतो. भिंत नाहीच असं वाटतं. आणि तुमच्या शेतात कामाला येणाऱ्या सुभद्राबाई अनवाणी कापसावरून फिरत होत्या, त्यांचं पाऊलही ऐकू येत नव्हतं.

त्या तुम्हाला म्हणाल्या, "बाई, ह्या पोरीचे डोये काऊन बांधले?"

"आवाज कुठून येतो ते तिला ओळखायचं आहे."

"मंग डोये सोडा नं. दिसन तिले, कोन वाजवून राह्यलं ते."

"तुम्ही वाट्या वाजवा, सुभद्राबाई."

"वाजवतो. पन गावात नोका सांगू, म्या सन्नासुदीचं कापसावर चढून वाट्या वाजवल्या म्हून."

त्यांनी वाट्या वाजवल्या आणि मी मान ताठ ठेवून सांगत गेले. पुढचं मागे, मागचं पुढे. खऱ्या कानांनी, खऱ्या वाट्या, आणि तरी चुकत होते. मग तुम्ही म्हणालात, "आता मान वळव. थोडीच. उजवीकडे वळल्यावर आवाज डावीकडे सरकला तर तो पुढे आहे. उजवीकडेच सरकला तर मागे." त्यानंतर एकही चुकलं नाही. या वेळी खरंच नाही. लॅपटॉप पिशवीतच राहिला. मी ओढणी सोडली तर सुभद्राबाई म्हणाल्या, "जमलं वाटते हिले. आता मले उतरू द्या."

दादी, मग माझ्या सांगण्यावरून तुम्हीही पाटावर बसलात. तुमचं मी बघत होते. सुभद्राबाईंनी उजवीकडे वाटी वाजवली, अगदी उजवीकडे, कानाशी. ते तर शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही मान वळवली. डावा कान पुढे करत, पूर्ण वळलात, मग म्हणालात, "इथे." दर वेळी तसंच. मग मला आठवलं, जेवताना तुम्ही मला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं होतं. अंगणात मी उजवीकडून हाक मारली तर ओ दिली नव्हती. आणि तुम्ही फोन घेत नाही.

तुमचा उजवा कान गेला आहे. कधीपासून?

राग येऊन लिहिते. महिनाभर तुम्ही मला दोन कानांचं विज्ञान शिकवताय. स्टिरिओ काय असतो ते तुम्हाला आता ऐकूच येत नाही. मला खोटी म्हणालात, बरोबर म्हणालात. पण तुम्ही काय केलं?

शाहीन


संग्रामपूर
२२ जानेवारी २०२४

चि. शाहीन,

चांगलं निरीक्षण आहे. मला वाटलं होतं तू डोळे बांधून बसायला आलीस. बघायला आली होतीस हे ध्यानात आलं नाही.

चार वर्षांपूर्वी ताप आला, त्यात उजवा कान गेला. अकोल्याला दाखवलं, परत येणार नाही म्हणाले. कुणाला सांगितलं नाही. सुभद्राबाईंना माहीत आहे, कारण त्या माझ्या डाव्या बाजूने चालायला कधी लागल्या ते मलाही कळलं नाही. इतरांना सांगितलं असतं तर माझे दीर वामनराव लगेच आले असते: वहिनी, आता शेत मक्त्याने दुसऱ्याला कसायला देऊन टाका, कुठे ट्रॅक्टरखाली याल. माणूस वाईट नाही. पण ज्या दिवशी मी शेत मक्त्याने देईन त्या दिवशी मी संग्रामपुरात भाडेकरू होईन.

तू विचारतेस मी काय केलं. वळले.

शेतात मागून बैलगाडी आली की मी वळते. कुणी हाक मारली की वळते, आवाज सगळ्यात मोठा कुठे लागतो ते बघते आणि तिकडे तोंड करून ओ देते. पहिले काही महिने मी वळणं लपवलं. पदर सावरल्याचं, मागे काही पडल्याचं निमित्त करायची. तू माउस हलवलास तसंच ते. म्हणून तुझी लबाडी मला पत्रातूनच दिसली.

मी स्टिरिओची वकील नाही. मला एकच कान आहे, मला काय त्याचं. पण वळणाऱ्याला कुणी डगमग म्हटलं की माझं डोकं फिरतं. माणूस वळूनच ऐकतो. कुत्रं, मांजर, बैल, सगळे वळूनच ऐकतात. आवाज ऐकून मान ताठ ठेवतो तो खांब.

तुला सराउंड बसत नाही, कारण त्यातल्या घुमाऱ्यात आवाजाचं सरकणं पुसट होतं. स्टिरिओत ते स्वच्छ कळतं, आणि तू वळतेस, म्हणून तुला स्टिरिओ चालतो. एवढंच. प्रेमला सराउंड बसत असेल तर त्याने लावावा. त्याला चूक ठरवत बसू नकोस, त्यात तुझं काही साधत नाही. तू फक्त सांग की मी दिवा बंद ठेवून खेळणार आणि वळणार. उघड. लपवून नाही. मग त्याने बाहेर बसवलं तर बस. दिवा बंद ठेवूनच बस.

आणि गुलनारला माझ्या कानाचं सांगू नकोस. ती रडेल आणि मग मटण पाठवेल, मी खात नाही हे माहीत असून.

पुष्पांजली


बुलढाणा
३ फेब्रुवारी २०२४

पुष्पादादी,

थोडक्यात लिहिते, सराव आहे.

प्रेमला सगळ्यांसमोर सांगितलं. आधी माउस हलवल्याचं सांगितलं, मग बाकीचं. तो म्हणाला, "म्हंजे तू लबाडी करून आमच्यावर हसून राह्यली होती?" मी म्हटलं, हो, आणि तू परीक्षेला बसला नाहीस. एक अख्खी मॅच माझ्या पद्धतीने खेळू दे, हरलो तर मी स्वतः बाहेर बसते. खेळलो. जिंकलो. प्रेम कानामागे खाजवत म्हणाला, "वळ मंग. पन लवकर वळ."

पण काल दुकानदार फोटो काढायला आला. चौघांचे दिवे हिरवे, माझा बंद. म्हणाला, बेटा, फोटोपुरता तरी लाव. मी नाही लावला. फोटोत एक आणि खेळताना दुसरं, ते पाकिटावरचं चित्र झालं ना. तो चिडला. मग हिला दुसरा हेडफोन आणू द्या, म्हणाला, आणि माझा काढून घेऊन गेला.

प्रेम दिवसभर धुसफुसत होता. फोटोपुरतं बटण दाबलं असतं तर काय झिजलं असतं, असं त्याचं म्हणणं. आता माझ्यापाशी हेडफोन नाही. नागपूरला दोन आठवडे आहेत. मोबाइलचे कानात घालायचे आहेत, ते एका बाजूने खरखरतात. अब्बांना मागणार नाही, यंदा कापूस घरातच पडून आहे.

मला पस्तावा नाही. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

शाहीन


संग्रामपूर
७ फेब्रुवारी २०२४

चि. शाहीन,

सोबत पार्सल आहे. आत माझा जुना हेडफोन आहे, रेडिओ ऐकायला घेतला होता. वायरचा, जड, कानावर पूर्ण बसणारा. गाद्या फाटल्या होत्या, सुभद्राबाईंनी आपल्याच कापसाच्या भरून शिवून दिल्या. शिवण वाकडी आहे, त्याबद्दल त्यांना बोलायचं नाही. त्याला माईक नाही, कॉलरला लावायचा एखादा कुणाकडून घे. बटण नाही. दिवाही नाही.

डाव्या बाजूला 'डा' असं मी शाईने लिहिलं आहे. स्कार्फवरून घातलास तरी बाजू चुकवू नकोस.

मला आता दोन बाजूंचा उपयोग नाही. परत पाठवू नकोस.

पुष्पांजली


बुलढाणा
२१ फेब्रुवारी २०२४

आदरणीय पुष्पादादी,

नागपूरहून काल आलो. क्रमाने सांगते.

तुमचा हेडफोन बघून समोरच्या टीममधला एकजण म्हणाला, "हे काय, आजोबांच्या आकाशवाणीतून आणलं का?" मी म्हटलं, आजीच्या. प्रेम त्याच्याकडे वळून म्हणाला, "हसून घे आत्ताच, मंग टाइम नाही भेटनार."

पहिली मॅच शेवटच्या फेरीपर्यंत गेली. आमचे चौघे बाद झाले. प्रेमसुद्धा. मी एकटी उरले आणि समोर दोघे. बाद झालेल्यांना माझाच पडदा दिसतो, मला येतात तेच आवाज ऐकू येतात. मी एका लांब खोलीत होते. पावलं आली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मधोमध. प्रेमचा दिवा हिरवा होता. तो ओरडला, "मांगं आहे, मांगं आहे, पलट!"

मी पलटले नाही. उजवीकडे थोडी वळले. आवाज डावीकडे सरकला. म्हणजे पुढे होता. दारामागे. मी थांबले, तो दारातून आला, संपला. दुसरा त्याच्यामागे होता, तोही तसाच. तेवढ्या वेळात प्रेम आणखी एकदा 'मांगं' म्हणाला होता.

ती मॅच जिंकलो. पुढची हरलो, वाईट हरलो, समोरचे फारच तयारीचे होते. त्यात माझ्या दोन चुका होत्या. एकदा तर वळले आणि तरी चुकले.

परतीच्या बसमध्ये प्रेम माझ्या पुढच्या सीटवर होता. तो मागे न बघता म्हणाला, "सराउंड मी बंद करनार नाही. मले जमते."

"मी कुठे म्हटलं बंद कर?"

"मंग झालं. पुढच्या वर्षी बी टीम हेच राहीन. तू वळत जाय." थोड्या वेळाने म्हणाला, "ते वाट्यांची परीक्षा मले द्याची आहे. कोनाले सांगू नको."

तुम्हाला सांगितलं. तुम्ही 'कोणी'मध्ये येत नाही असं मी धरलं.

आणखी एक. दुकानदाराने बोर्ड लावला, बस स्टँडजवळ. तो फोटो माझा हेडफोन काढून घ्यायच्या आधीचा, म्हणून मीही त्यात होते. मला कापून टाकलंय. चौघे आहेत, चार हिरवे दिवे आहेत आणि उजव्या कडेला कापायचं राहिलेलं माझं कोपर आहे. मैत्रिणी म्हणाल्या तक्रार कर. मी नाही करणार. रोज कॉलेजला जाताना बघते. चार दिवे आणि एक कोपर. येणारा-जाणारा विचारतो, हे कोपर कुणाचं, आणि मुलं सांगतात.

दादीला तुमच्या कानाचं मी सांगितलं नाही. पण तिला माहीत आहे. म्हणाली, "चार साल झाले, मी बोलतो तं ते तोंड फिरवून ऐकते. पह्यलं वाटलं नाराज आहे माह्यावर. मंग समजलं. ते सांगत नाही तं मी काऊन विचारू?" मटण पाठवणार नाही म्हणाली. शिरखुर्मा पाठवेल, ईदला.

तुमची,
शाहीन


संग्रामपूर
२६ फेब्रुवारी २०२४

चि. शाहीन,

पत्र दोनदा वाचलं. वळूनही एकदा चुकलीस हे लिहिलंस, ते मला जिंकल्यापेक्षा आवडलं. वळलं की बरोबर येतंच असं मी कधी म्हटलं नव्हतं.

गुलनारला सांग, शिरखुर्म्यात बदाम कमी घाल, दात राहिलेले नाहीत. नाराज मी तिच्यावर एकदाच झाले होते, तिने लग्नासाठी कॉलेज सोडलं तेव्हा. तेही तिला माहीत असेल.

कापूस अजून खोलीतच आहे. व्यापारी काल येऊन ढिगात हात घालून गेला, चेहरा पाडून दाखवला. मी म्हटलं, तुम्ही चेहरा पाडा, मी कापूस ठेवते. प्रेमला यायचं असेल तर कापूस विकला जायच्या आत यावं. वाट्या आहेत. सुभद्राबाई कापसावर चढायला तयार आहेत, पण एका मुलासमोर चढणार नाहीत, तेव्हा तो येण्यापूर्वी त्या चढून बसतील आणि त्याचे डोळे दारातच बांधावे लागतील.

वामनरावांना मी स्वतःच सांगितलं. जेवायला बोलावून, ताट वाढून, पहिल्या घासालाच. माझा उजवा कान चार वर्षांपासून बंद आहे. त्यांनी हातातला घास संपवला, मग माझ्या उजव्या बाजूने हळूच म्हणाले की वहिनी, मग आता शेत मक्त्याने देऊन टाका. मला ऐकू येणार नाही असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांच्याकडे पूर्ण वळले, डावा कान पुढे केला आणि म्हटलं, पुन्हा म्हणा. ते भाजी छान झाल्याचं म्हणाले.

जूनमध्ये पेरणी आहे. पाकिटावर कोणतंही चित्र असलं तरी कोणती अळी ते मी याही वर्षी विचारणार आहे.

पुढच्या आठवड्यात बुलढाण्याला काम आहे. बस स्टँडवर उतरून आधी ते कोपर बघेन. तू घ्यायला येशील तेव्हा माझ्या डाव्या बाजूने यायची आठवण ठेवत बसू नकोस. कुठूनही हाक मार.

मी वळेन.

पुष्पादादी